सहल समित्यांना खुलं पत्र: पुढच्या वर्षी लॅक्स्टनला चला

प्रति,
सहल समित्यांचे पदाधिकारी,
इंग्लंडमधील सर्व महाराष्ट्र मंडळे

विषय : पुढील वर्षीच्या सहलीसाठी नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या गावाचा विचार होणेबाबत

सप्रेम नमस्कार.

थंडी ओसरायला लागली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सहलीचं पत्रक येतं. वर ‘इंग्लंडचं खेडं जवळून पाहा’ असा मथळा आणि खाली बिबरी, बोर्टन-ऑन-द-वॉटर, कॅसल कूम यांपैकी दोन नावं. सकाळी सातला बस सुटते, वाटेत इडली-चटणी, अंताक्षरी, दुपारी नदीकाठी डबे. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या फोनात एकाच पुलावरचे दोनशे फोटो.

ही कॉट्सवोल्ड्स भागातली गावं सुंदर आहेत, त्यात वादच नाही. मधाच्या रंगाचा चुनखडीचा दगड, उतरती छपरं, खिडकीखाली फुलांच्या कुंड्या. बिबरीतली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग चौदाव्या शतकात लोकर साठवायला बांधली, पुढे सतराव्या शतकात तिथे विणकरांची घरं झाली, हे आपले मार्गदर्शक नीट सांगतातही. पण बसमध्ये मागच्या बाकांवर बसलेले, सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलांकडे आलेले आई-बाबा एकमेकांत काय बोलतात, ते समितीच्या कानावर जात नसावं. ‘इथं शेती कोण करतं?’ ‘गुरं कुठायत?’ ‘या गावाला शिवार आहे का नुसतीच घरं?’ आयुष्यभर रान केलेल्या माणसाला गाव दाखवायला न्यायचं आणि आइस्क्रीमच्या दुकानासमोर उभं करायचं, हे काही बरं नाही.

म्हणून हे पत्र. नॉटिंगहॅमच्या ईशान्येला, ऑलर्टन आणि टक्सफर्डच्या मधे, न्यूआर्कपासून दहा-बारा मैलांवर लॅक्स्टन नावाचं लहानसं गाव आहे. मी याच भागात राहतो, त्यामुळे थोडा पक्षपात धरून चाला. तरी पुढचं वाचा.

लॅक्स्टनमध्ये मध्ययुगापासून चालत आलेली खुल्या शेतांची पद्धत अजून चालू आहे, आणि ती चालवणारं गावचं न्यायालयही चालू आहे. खुली शेतं थोडीफार इतरत्रही उरली आहेत, डेव्हनमध्ये ब्राँटनला किंवा लिंकनशायरच्या अ‍ॅक्सहोम भागात. पण न्यायालयासकट नांदणारं गाव आख्ख्या इंग्लंडात हे एकच.

पद्धत अशी. गावाभोवती तीन मोठी शेतं आहेत : वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड. तिन्ही मिळून पाचशे एकरांच्या आतबाहेर. एकेका शेतात लांबट पट्ट्या पाडलेल्या आहेत आणि प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्ट्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचं पीक, बार्ली किंवा एखादं शेंगवर्गीय, आणि तिसरं पडीक. पुढच्या वर्षी हा फेर एका शेताने सरकतो. आपल्या पट्टीत काय पेरायचं हे एकट्याने ठरवता येत नाही, कारण शेजारच्या पट्ट्यांत गहू असताना मधेच कुणी पडीक ठेवलं किंवा गुरं सोडली तर सगळ्यांचंच नुकसान. विखुरलेल्या पट्ट्यांमागे साधा न्याय होता. पाणथळ जमीन सगळी एकाच्या गळ्यात आणि चांगली निचऱ्याची सगळी दुसऱ्याच्या पदरात, असं होऊ नये. शिवाय ज्या वर्षी एक शेत पडीक, त्या वर्षीही प्रत्येकाचं दोन शेतांत काही ना काही उभं असतंच.

इथली माती लाल आणि चिकण. नोव्हेंबरात चार पावलं टाकली की बूट दुप्पट जड होतो. अशा जमिनीत जुना लाकडी नांगर ओढायला बैलांची लांबलचक जोडणी लागायची आणि एका कुटुंबाकडे तेवढे बैल नसायचे. मग चार घरं आपापले बैल एकत्र करत. आपल्याकडे काळ्या रानात सहा-आठ बैलांचा नांगर सावडीने चालायचा, हे ज्यांच्या आजोबांनी सांगितलं असेल त्यांना आणखी समजावायची गरज नाही. एवढी लांब जोडणी शेताच्या टोकाला वळवायला जागा लागते, म्हणून नांगऱ्या वळणाच्या बऱ्याच आधीपासून बैल एका अंगाला घेऊ लागायचा. मिडलँड्समधल्या, म्हणजे मध्य इंग्लंडातल्या, जुन्या पट्ट्या सरळ न जाता किंचित नागमोडी जातात त्या त्यामुळे. बैल जाऊन काही शतकं लोटली, वळण जमिनीत राहिलं.

जिथे उतार आहे, ओल आहे, नांगर चालत नाही, तिथे गवताच्या पट्ट्या सोडलेल्या आहेत. इथले लोक त्यांना साइक म्हणतात. पिढ्यान् पिढ्या न नांगरलेल्या या गवतात जी रानफुलं येतात, त्यांच्यामुळे साइकांना आता निसर्गसंरक्षणाच्या कायद्याचं छत्र आहे. गवताचा लिलाव मात्र जुन्या रीतीप्रमाणे उन्हाळ्यात होतो.

आता गावात शिरल्यावर काय दिसतं ते सांगतो, कारण ते बसच्या खिडकीतूनही दिसेल. शेतकऱ्यांची घरं गावातच, रस्त्याला लागून आहेत. विटांची जुनी घरं, बरीचशी रस्त्याकडे आखूड बाजूची भिंत करून उभी, मागे कोठार, गोठा, आवार, त्यामागे परसाचं रान. मधे एक कोंडवाडाही आहे. भटकी जनावरं धरून आणणारा गावचा नोकर ती इथे कोंडायचा आणि धन्याने दंड भरल्यावर सोडायचा. गावठाण एकीकडे आणि शिवार बाहेर, ही मांडणी तुम्हा-आम्हाला इतकी सवयीची आहे की त्यात पाहण्यासारखं काही वाटणार नाही. पण मिडलँड्समध्ये गाडीने फिरताना एकदा लक्ष द्या. बहुतेक शेतकरी गावात राहतच नाहीत. त्यांची घरं माळावर एकेकटी, आपापल्या कुंपणातल्या जमिनीच्या मधोमध असतात. हे असं का झालं, ते कळलं की कॅलेंडरवरचं हिरवं इंग्लंड वेगळं दिसायला लागतं.

कुंपणांनी चौकोन पाडलेली हिरवी शेतं, मधून सरळ जाणारा रस्ता, कडेने हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांची रांग, हा देखावा अनादि काळापासूनचा वाटतो. मिडलँड्समध्ये तरी तो बराचसा अडीचशे वर्षांच्या आतला आहे. त्याआधी इथली बहुतेक गावं लॅक्स्टनसारखी होती : उघडं रान, पट्ट्या, सामाईक चराई. मग जमीनदारांनी पार्लमेंटकडून एकेका गावासाठी कायदा करून घ्यायला सुरुवात केली. १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० च्या वर कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमिनीला कुंपण पडलं. म्हणजे इंग्लंडच्या एक पंचमांशाहून थोडी जास्त. आयुक्त यायचे, मोजणीदार साखळी टाकायचा, विखुरलेल्या पट्ट्या रद्द करून प्रत्येक मालकाला एकगठ्ठा तुकडा मिळायचा. उत्पन्न वाढलं, हे खरं. पण ज्याच्याजवळ जमीन नव्हती, सामाईक रानात एक गाय चारायची नुसती रीत होती, त्याला बहुधा काही मिळालं नाही. ज्याला लहान तुकडा मिळाला त्याला कुंपणाचा खर्च झेपेना, तो विकून मोकळा झाला. मजुरीला किंवा शहरातल्या गिरण्यांकडे गेलेल्यांत ही माणसंही होती.

१८३६ हे साल मला या संदर्भात फार बोलकं वाटतं. त्या वर्षी इंग्लंडात खुल्या शेतांना कुंपण घालणं सोपं व्हावं म्हणून पार्लमेंटने एक सर्वसाधारण कायदा केला. आणि त्याच वर्षी इकडे पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांची शेतवार मोजणी आणि आकारणी लागू झाली, जिच्यावर पुढे सगळ्या मुंबई इलाख्याची जमीनमहसुलाची घडी बसली. दोन्हीकडे साखळी एकाच देशाची माणसं टाकत होती. पुढे हेन्री मेन हिंदुस्थानच्या सरकारात कायदा सदस्य म्हणून काम करून विलायतेला परतले आणि ऑक्सफर्डला त्यांनी इथली जुनी सामाईक शेतं आणि हिंदुस्थानातली गावं यांची तुलना मांडली. ती १८७१ मध्ये छापूनही आली. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी आजचे अभ्यासक सहमत नाहीत, पण आपल्याच देशात नाहीशा होत चाललेल्या गोष्टीची ओळख त्यांना हिंदुस्थानमार्गे पटली, याची गंमत वाटते.

लॅक्स्टन या लाटेतून कसं वाचलं? मुद्दाम कुणी वाचवलं नाही. इथे जमिनीचे दोन मोठे मालक होते, अर्ल मॅनव्हर्स आणि अर्ल ऑफ स्कारबरो, आणि दोघांचं कधी जुळलं नाही, हे एक कारण सांगतात. जुळेपर्यंत १८७० नंतरची शेतीतली मंदी आली, अमेरिकेचा गहू स्वस्तात उतरू लागला आणि कुंपणावर पैसा घालण्यात कुणालाच राम दिसेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅनव्हर्सच्या इस्टेटीने लहान पट्ट्या जोडून मोठ्या केल्या, त्यामुळे आजच्या पट्ट्या ट्रॅक्टर चालेल एवढ्या रुंद आहेत. म्हणजे तुम्हाला तिथे तेरावं शतक जसंच्या तसं दिसेल असं मी म्हणत नाही. पेरणीचं ड्रिल यंत्र आहे, फवारणी आहे, जीपीएस आहे. नियम जुना आहे.

माझे सासरे श्रीगोंद्याचे. एका नोव्हेंबरात ते आमच्याकडे होते. लंडनचा पूल, राजवाडा, सगळं त्यांनी हात मागे बांधून पाहिलं होतं. लॅक्स्टनच्या शेताच्या कडेला गाडी थांबवली तर आपणहून उतरले आणि मफलर कानाला गुंडाळत कडेच्या गवतावर उकिडवे बसले. गव्हाची पाती बोटभर आली होती. दोन पट्ट्यांच्या मधे फक्त नांगराची एक खोल सरी आणि टोकाला ठोकलेली लाकडी खुंटी.

“जावईबापू, इथं बांध कुठंय?”

“बांध नाही मामा. ती खुंटी आहे ना, तीच हद्द.”

“आन् शेजाऱ्यानं रातोरात खुंटी सरकवली तर?”

“पंच येतात. वर्षातून एकदा.”

“आसं?” म्हणून त्यांनी खुंटी हलवून पाहिली. मग बराच वेळ त्या सरीच्या रेषेत एक डोळा मिटून बघत राहिले. राजवाड्यापुढे त्यांनी असा एक डोळा मिटला नव्हता.

तर पंचांबद्दल. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार हा पंचांचा दिवस. गावचे बारा शेतकरी शपथ घेऊन पंच झालेले असतात, त्यांचा एक मुख्य असतो. ज्या शेतात यंदा गहू पेरला आहे त्या शेतात ते ट्रॅक्टरच्या ट्रेलरवर खुंट्यांचा भारा टाकून निघतात. प्रत्येक पट्टीच्या टोकाशी थांबायचं, जुन्या खुणेचा खड्डा शोधायचा, समोरच्या टोकाशी रेषा जुळवायची आणि नवी खुंटी ठोकायची. कुणी नांगरताना शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं असेल, वहिवाटीचा रस्ता किंवा साइकचं गवत खाल्लं असेल, तर तिथल्या तिथे चर्चा होते आणि नोंद घेतली जाते. दोषी माणूस बहुधा त्या ट्रेलरवरच बसलेला असतो. मी हे रस्त्यावरून पाहिलं आहे. आवाज चढत नाहीत, थट्टा मात्र भरपूर होते, आणि त्या थट्टेला धार असते. मग सगळे गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये जेवायला जातात आणि दंड ठरवतात.

दंड काही पौंडांचा. पण तो जाहीर होतो आठवड्याने, त्याच पबमध्ये भरणाऱ्या न्यायालयात. याला कोर्ट लीट म्हणतात. इस्टेटीचा कारभारी वकील तिथे अध्यक्षस्थानी असतो, कुळांची यादी वाचली जाते, पुढच्या वर्षीच्या शेताचे पंच नेमले जातात, तक्रारी मांडल्या जातात. इंग्लंडमधल्या अशा जुन्या जमीनदारी न्यायालयांचे अधिकार १९७७ च्या कायद्याने जवळजवळ संपवले. लॅक्स्टनचं काम चालू राहिलं, कारण इथे खरोखरच निवडायला तंटे होते.

आपल्या मंडळींना याचं अप्रूप का वाटेल हे मी वेगळं सांगायला नको. बांध कोरणे हा शब्द ज्याच्या घरात कधी उच्चारला गेला नाही असं शेतकरी घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. दर पावसाळ्यात वीतभर बांध सरकतो, मग मोजणीचे पैसे भरा, तारखेची वाट पाहा, मोजणी झाली की एका बाजूला ती मान्य नाही. शेतरस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करा, तिथून वर फेरतपासणीचा अर्ज. सख्ख्या भावांच्या दोन पिढ्या एकमेकांकडे पाणी पीत नाहीत, आणि कारण विचारलं तर दीड हात जमीन.

लॅक्स्टनची पद्धत तिकडे नेऊन लावा, असं मात्र कुणी सहलीहून परत येताना बसमध्ये भाषण करू नये. इथे हे चालतं कारण सगळे एकाच मालकाची कुळं आहेत, पट्टी विकता येत नाही, वाटणीत तिचे तुकडे पडत नाहीत. आपल्याकडे प्रत्येक जण सातबाऱ्यावरचा मालक आहे आणि त्या मालकीसाठी कूळकायद्यापर्यंतची मोठी लढाई झालेली आहे. विखुरलेले तुकडे हा तर आपल्याकडे रोगच मानला गेला, त्यावर १९४७ मध्ये तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. तरीही हद्दीचा वाद निघायच्या आधीच, दरवर्षी, भांडणाऱ्या दोघांना सोबत घेऊन, गावानेच खुंटी ठोकायची, एवढी एक गोष्ट पाहून यायला काय हरकत आहे?

आता इतिहासाच्या रसिकांसाठी एक धागा, जो मला सगळ्यात जास्त आवडतो. लॅक्स्टनचा १६३५ सालचा एक मोठा नकाशा आहे. मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने तो केला आणि आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गावातली प्रत्येक पट्टी त्यात वेगळी काढलेली आहे, सोबतच्या वहीत कुणाची कोणती पट्टी आणि किती एकर ते लिहिलेलं आहे. आणि रेषांच्या मधून चिमुकली माणसं : कुणी नांगर धरलाय, कुणी कापणी करतंय, कुणी शिकारीला निघालंय. महसुली कामाच्या कागदावर एवढी हौस करणारा मोजणीदार मला फार जवळचा वाटतो.

हा नकाशा करून घेतला गावाचा त्या वेळचा मालक सर विल्यम कोर्टन याने. फ्लँडर्समधून परागंदा होऊन लंडनला आलेल्या घराण्यातला हा कापडाचा मोठा व्यापारी. १६२७ मध्ये बार्बाडोस बेटावर इंग्रजांनी वसाहत केली ती याच्याच पैशावर. आणि ज्या १६३५ मध्ये लॅक्स्टनच्या पट्ट्या मोजल्या जात होत्या, त्याच वर्षाच्या अखेरीस कोर्टनच्या व्यापारी मंडळीला पहिल्या चार्ल्स राजाकडून पूर्वेकडे व्यापार करायचा परवाना मिळाला, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाकावर टिच्चून. जॉन वेडेल या कप्तानाच्या हाताखाली जहाजं १६३६ च्या वसंतात निघाली आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोचली. पीटर मंडी हा प्रवासवर्णनं लिहिणारा व्यापारी त्याच ताफ्यात होता. कोर्टन स्वतः जहाजं निघाल्यावर महिन्या-दीड महिन्यातच वारला, पण मुलाने उद्योग चालू ठेवला आणि १६३८ मध्ये मिऱ्यांच्या व्यापारासाठी कारवारला वखार घातली. गोवा, कारवारकडची मंडळी आपल्या मंडळांत पुष्कळ आहेत. ट्रेंट नदीजवळच्या चिखलात कोण किती पट्ट्या कसतो याची वही आणि कारवारच्या मिऱ्यांचे हिशेब एकाच घराच्या टेबलावर येत होते, हे त्यांना सांगायला मला तरी मजा येईल. कोर्टनची ही धाव पुढे दिवाळ्यात निघाली. गाव पिअरपाँट घराण्याकडे गेलं, तेच पुढचे अर्ल मॅनव्हर्स.

मालकीचं त्यानंतरचं थोडक्यात. १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सनी गाव सरकारच्या शेती खात्याला विकलं, खुली शेतं जपली जावीत म्हणून. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे आलं. २०२० मध्ये क्राउन इस्टेटनेही ते दिलं आणि ते पुन्हा पिअरपाँट घराण्याशी नातं असलेल्या थोर्सबी इस्टेटीकडे गेलं. कुळांना दर वेळी धाकधूक असणारच. पट्ट्यांची शेती मोठ्या शेताइतकी फायद्याची नाही, आणि पुढची पिढी ती करील का, हा प्रश्न तिथेही आहे.

बाकी पाहायचं बरंच आहे, त्यावर फार लिहीत नाही. चर्चच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याचा मातीचा उंच टेकाड आणि खंदक आहेत. दगड एकही नाही, त्यामुळे रायगड-राजगड डोळ्यापुढे ठेवून जाणाऱ्यांची निराशा होईल. पण नॉटिंगहॅमशायरमधला या जातीचा हा सर्वांत चांगला टिकलेला किल्ला. शेरवुड जंगलाचे रखवालदार म्हणून नेमलेलं दे कॉ घराणं इथे राहायचं, म्हणजे रॉबिन हुडच्या गोष्टी ऐकून आलेल्या मुलांना सांगायला मालमसाला आहे. टेकाडावरून तिन्ही शेतांची मांडणी कळते. चर्चमध्ये एव्हरिंगहॅम घराण्याच्या मध्ययुगीन समाध्यांत ओक लाकडात कोरलेली एका स्त्रीची आकृती आहे, ती चुकवू नका. गावाच्या बाहेर नाझी वंशसंहाराच्या स्मृतीचं राष्ट्रीय केंद्र आहे, १९९५ मध्ये एका कुटुंबाने सुरू केलेलं, सोबत पांढऱ्या गुलाबांची बाग. तिथे जायचं तर त्यासाठीच वेगळा दिवस काढा. सकाळी ते, दुपारी अंताक्षरी, असं करू नका.

आता व्यवहाराचं. पंचांचा दिवस गुरुवारी येतो, म्हणजे नोकरदारांना रजा काढावी लागेल. निवृत्त मंडळी आणि भारतातून आलेले आई-बाबा यांच्यासाठी तो उत्तम, फक्त थंडी सोसणारे हवेत. चार वाजता अंधारतं, वारा कापतो आणि चिखलाबद्दल वर लिहिलंच आहे. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेत, पांढरे स्नीकर नकोत. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी जूनच्या अखेरीला, साइकांत फुलं असताना यावं. तेव्हा शनिवार-रविवार चालतो. लंडनकरांना किंग्ज क्रॉसहून न्यूआर्क नॉर्थगेटपर्यंत थेट गाडी आहे, सव्वा ते दीड तास. पुढे स्वतःची मोटार किंवा मिनीबस. त्याच दिवशी साउथवेलचं मोठं चर्च जोडता येईल. तिथल्या एका दालनात तेराव्या शतकातल्या कारागिरांनी दगडात कोरलेली पानं आहेत, एकेक झाड ओळखू येतं. जवळच १८२४ साली बांधलेलं गरिबांचं वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात ठेवून घ्यायची जागा आहे. कुंपणं पडल्यावर जमिनीवाचून उरलेल्या माणसांचं पुढे काय झालं असेल, त्याचा थोडा अंदाज तिथे येतो. शाकाहारी जेवणाची खात्री पबला आधी फोन करून करा, नाहीतर पुऱ्या-बटाट्याची भाजी सोबत असू द्या. मात्र पबच्या टेबलावर डबे उघडू नका.

आणि एक विनंती जरा ठामपणे करतो. पन्नास आसनी बस नेऊ नका. बिबरीच्या अरुंद रस्त्यांवर बसगाड्यांनी काय करून ठेवलंय ते आपण पाहतोच, आणि त्या गर्दीत आपलीही एक बस असते. लॅक्स्टनमध्ये पंधरा-सोळा माणसं पुरे. पंचांचा दिवस हा त्यांच्या कामाचा दिवस आहे, आपल्यासाठी ठेवलेला कार्यक्रम नव्हे. गव्हात पाय ठेवायचा नाही, सेल्फीसाठीसुद्धा नाही. ड्रोन नको. ट्रेलरवर चढायला मागू नका. प्रश्न विचारायचे असतील तर जेवणानंतर विचारा, शेतकरी माणूस शेतकऱ्याशी बोलतोच. आमच्या सासऱ्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकरी उतारा विचारला होता आणि समोरच्याने तो आधी थोडा कमीच सांगितला, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो.

आपल्या बहुतेक समित्यांची बैठक जानेवारीत होते आणि सभासदांपुढे मतदानाला दोन पर्याय ठेवले जातात. यंदा तिसरा ठेवा. पंधरा नावं आली की मला कळवा, स्थानिक चौकशी आणि पबशी बोलणं माझ्याकडे लागलं. तोवर तारीख गटावर टाकू नका, एकदा टाकली की पन्नास नावं येतील.

आपला,
नॉटिंगहॅमशायरमधील एक सभासद
(वर्गणी भरलेला)